पहिली ते चौथी : वर्गाचे नियम, शिस्त आणि छडी नसलेला दिवस

खडू_डस्टर (धागाकर्ता)

शाळा उघडून आठवडा झाला. वर्गावर्गांत नियमांचे तक्ते लागले असतीलच. शांतता राखा, शिस्त पाळा, मोठ्यांचा आदर करा, खोटे बोलू नका. दहा-बारा ओळी, सुबक अक्षर, कडेला वेलबुट्टी. पहिली-दुसरीच्या निम्म्या मुलांना तो तक्ता वाचता येत नाही. ज्यांना येतो त्यांनाही 'शिस्त पाळा' म्हणजे उठून नक्की काय करायचं ते कळत नाही.

नियम चार, फार तर पाच. परीक्षा एकच लावायची : मूल नियम पाळत असताना त्याचा फोटो काढता येईल का? 'आदर करा'चा फोटो निघत नाही. 'दप्तर भिंतीला, चपला रांगेत'चा निघतो. पहिली-दुसरीला एवढे पुरतात :

- दप्तर भिंतीला, चपला रांगेत.
- बाई बोलताना हात रिकामे, डोळे बाईंकडे.
- बोलायचं असेल तर हात वर.
- हात-पाय आपल्यापाशी.
- बाहेर जायचं तर बिल्ला घेऊन.

शेवटचा जरा उलगडून सांगते. दाराजवळ दोन खिळे, त्यांवर सुतळीत ओवलेले दोन लाकडी बिल्ले, एक मुलींचा आणि एक मुलांचा. बिल्ला खिळ्यावर असेल तर घ्यायचा, बाईंकडे बोट दाखवायचं, मान हलली की जायचं. दर तासाला वीस वेळा 'बाई, एक नंबर' ऐकून शिकवण्याची लय तुटते ती थांबते. मूल जायला मागतंय आणि आपण 'आत्ताच गेला होतास ना' म्हणतोय, हा वाद मात्र घालू नये. तासाला तीन-तीन वेळा जाणारं मूल दिसलं तर आधी लघवीला जळजळ होते का ते विचारा, घरी कळवा. गणिताचा कंटाळा हा संशय त्यानंतरचा.

नियम पाढ्यासारखा शिकवावा लागतो, नुसता सांगून भागत नाही. आपण करून दाखवायचं, मग मुद्दाम चुकीचं करून दाखवायचं (इथे मुलं पोट धरून हसतात, हसू द्या), मग दोघांकडून, मग एका रांगेकडून, मग सगळ्यांकडून. एका दिवशी एकच नियम, सात-आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला की उजळणी आणि नवा नियम. पाच नियमांना आठवडा जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे सगळं पुन्हा एकदा, तेव्हा दोन दिवसांत होतं.

आता मूळ मुद्दा. वर्गातला बहुतेक गोंधळ मुलं रिकामी असताना होतो. वह्या तपासण्याचंच घ्या. पट ३६. एका वहीला ४० सेकंद धरले तरी २४ मिनिटं. तास ३५ मिनिटांचा. तेवढा वेळ टेबलाभोवती घोळका, मागे ढकलाढकली, ज्याची वही तपासून झाली तो शेजाऱ्याच्या पट्टीवर. मग आपण ओरडतो, आणि त्याला बेशिस्त म्हणतो. उपाय साधा आहे. मुलं जागेवर, आपण पेन घेऊन रांगांमधून फिरायचं. सगळ्यांच्या वहीवर फक्त बरोबरची खूण. बारकाईने रोज सात-आठच वह्या, म्हणजे आठवड्याला सगळा वर्ग होतो. आणि फळ्यावर आधीच 'झालं असेल तर हे करा' म्हणून एक काम लिहिलेलं.

असेच इतर सांधे तुमच्याकडून हवे आहेत. कोणत्या वेळी काय बिघडतं आणि काय चालतं. अनुभवकथन नको, कृती सांगा.

---

दोन_शिक्षकी

खडू_डस्टर ताई, छान धागा. पण तुमचं सगळं एका वर्गाला एक शिक्षक धरून आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) अनुसूचीत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. वाडीवस्तीवर पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एक गुरुजी केंद्रावर शिक्षण परिषदेला गेले की चारही वर्ग एकाकडे.

बहुवर्गात शिस्त म्हणजे ज्या गटाला आपण शिकवत नाही आहोत त्या गटाची शिस्त. त्यासाठी एक उतरंड पाठ करून घ्यायची : आधी वही बघ, मग शेजाऱ्याला विचार, मग गटप्रमुखाला, मग गुरुजींना. चौथ्या पायरीवर आलेल्या मुलाला 'पहिल्या तीन झाल्या का?' एवढंच विचारायचं. दोन आठवड्यांत मुलं स्वतःच परत फिरतात.

शिवाय टेबलावर पाण्याची लाल बाटली उभी असेल तर मधे बोलायचं नाही. अपवाद तीन : रक्त, उलटी, मारामारी. हे तीन शब्द चित्रासकट चिकटवा. अपवाद सांगितले नाहीत तर खरंच उलटी झालेलं मूल बाटलीकडे बघत उभं राहतं. बाटली सलग पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नका. त्यापुढे दुसऱ्या गटाचं काम संपलेलं असतं आणि बाटलीला कोणी विचारत नाही.

स्वयंअध्ययनाचं काम नवं नसावं. कालचंच, येत असलेलं. नवं दिलं की प्रश्न येणार आणि रांग लागणार.

---

खिचडी_आणि_रांग

मधल्या सुट्टीचं गणित मांडतो.

३६ मुलं, हँडवॉश स्टेशनला तीन तोट्या, साबण लावून हात धुवायला एकाला २५ सेकंद. सगळे धुऊन होईतो पाच मिनिटं. एक तोटी बिघडली की साडेसात. सगळ्यांना एकदम सोडलं तर शेवटचं मूल ही साडेसात मिनिटं भुकेल्या पोटी रांगेत उभं असतं. धक्काबुक्की तिथेच सुरू होते, आणि ताट पडतं तेही तिथेच.

सोडायचं ते सहा-सहाच्या गटाने. पहिला गट नळावर, दुसरा दाराशी, बाकीचे जागेवर बसून पाढे म्हणताहेत. पाढ्यांचा आवाज चालू आहे तोवर रांग शांत असते, हे करून बघा. कोणता गट पहिला ते रोज बदला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर 'रोज तेच पहिले' ही तक्रार आठवडाभरात येते, आणि ती रास्त असते.

पंगत समोरासमोर बसवू नका, पाठीला पाठ लावून बसवा. समोरासमोर बसलं की भाताची शितं उडतात. वाढप दोन्ही टोकांकडून सुरू करा, म्हणजे मधल्याला फार थांबावं लागत नाही. ताटं धुवायला पुन्हा तेच गट, फक्त उलट्या क्रमाने.

आणि एक ठळक : शिक्षा म्हणून जेवण बंद करायचं नाही, उशिरा वाढायचं नाही, वेगळं बसवायचं नाही. पहिली ते पाचवीला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हे ठरलेलं आहे, आणि राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नंतर तो मुलाचा हक्क आहे. चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून खिचडी मिळत नसते.

---

पाटील_पालक

सगळं वाचलं. पटतंय. तरी विचारतो, एखादी चापट मारली तर एवढं काय बिघडतं? गावातले निम्मे पालक स्वतः येऊन सांगतात, 'हवं तर मारा, पण शिकवा.' पालकांचीच परवानगी असेल तर?

---

कलम_सतरा

पाटील साहेब, परवानगी चालत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, लागू १ एप्रिल २०१०. कलम १७ : कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. 'पालकांची हरकत नसल्यास' असा अपवाद त्यात नाही. तोडल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. हे खासगी आणि विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. याशिवाय बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ आहे : मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा विनाकारण वेदना होतील असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

'मानसिक त्रास' हे शब्द लोक वाचतच नाहीत. ढ म्हणणं, आडनावावरून किंवा वस्तीवरून बोलणं, मुलग्याला शिक्षा म्हणून मुलींमध्ये बसवणं, सगळ्या वर्गाला त्याच्याकडे बघून हसायला लावणं, ही त्यातच येतात. मुलींमध्ये बसवण्याच्या शिक्षेत तर मुलींजवळ बसणं ही नाचक्की आहे, असा धडा आपणच देतो.

अंगठे धरणं, कोंबडा, उन्हात उभं करणं, उठाबशा हे 'मारणं नाही' म्हणून चालतात. उठाबशांबद्दल नीट समजून घ्या. सवय नसलेल्या शरीराला एकदम पन्नास-शंभर काढायला लावल्या तर मांड्यांचे स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी चहाच्या रंगाची होणं ही त्याची खूण, आणि ती त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची वेळ. मुलाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर धोका आणखी. शिक्षा देणाऱ्याला हे माहीत नसतं.

'दाखला हातात देईन' ही धमकीही पोकळ आहे. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकांना तक्रार करायची तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा पालिकेकडे, लेखी द्या. तीन महिन्यांत निर्णय देणं बंधनकारक आहे. तातडीचं असेल तर १०९८.

---

हिरवा_फळा

कायदा मान्य. पण ३६ पोरांसमोर उभं असताना कलम ३२ उपयोगी पडत नाही हो. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत काय वाईट आहे? मॉनिटर लिहितो, मार नाही, शिवी नाही, वर्ग चिडीचूप. वर्षानुवर्षं चालत आलंय.

---

खडू_डस्टर

हिरवा_फळा, चिडीचूप होतो हे खरं. पहिले चार दिवस. मग काय होतं ते बघा. मॉनिटरच्या दोस्ताचं नाव येत नाही. ज्याचं नाव आलं तो चिंच, बोरं, स्केचपेन देऊन पुसून घेतो. नावापुढे फुल्या वाढत जातात, आणि पाच फुल्या झालेल्याला सहावीचं काही वाटत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आपण वर्गात परत आल्यावर यादी वाचतो आणि न पाहिलेल्या गोष्टीची शिक्षा करतो. मॉनिटरही नऊ वर्षांचाच असतो. त्याच्या हातात न्यायनिवाडा कशाला द्यायचा?

मॉनिटर काढा, कामं वाटा. फळा पुसणं, चटया घालणं-काढणं, वह्या वाटणं, पिण्याच्या पाण्यावर झाकण, झाडांना पाणी, चपलांची रांग. कागदी चकतीवर कामं, बाहेरच्या मोठ्या चकतीवर नावं, दर सोमवारी चकती एक घर फिरवायची. जो सारखा उठतो त्याच्याकडे उठायचं काम येऊ दे, चटया किंवा वह्या. त्याला हलायची गरज आहे, ती कामात जिरते.

आणि वर्गातून जावंच लागलं तर फळ्यावर काम ठेवून जा. रिकामा वर्ग आणि वर एक पहारेकरी, हे जमत नाही.

---

मधली_सुट्टी

बक्षिसांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

नावांपुढे चांदण्या चिकटवायचा तक्ता सगळीकडे दिसतो. तिसऱ्या आठवड्यात त्याची गत ठरलेली : वरचे पाच तेच, खालच्या सहांना गमवायला काही उरत नाही, मधल्यांना कोणी बघत नाही. त्यापेक्षा काचेची किंवा प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी आणि ५० चिंचोके. सगळ्या वर्गाची एकच बरणी. गट नळावरून धक्का न लागता परत आला, एक चिंचोका. टाळीची खूण दिल्यावर पाच मोजायच्या आत सगळे हात रिकामे, एक चिंचोका. ५० झाले की अर्धा तास मैदान किंवा गोष्ट. बरणी आठ-दहा दिवसांत भरेल असा वेग ठेवा. महिना लागला तर लहान मुलं विसरून जातात.

एक पथ्य : टाकलेला चिंचोका काढायचा नाही. कितीही राग आला तरी. एकाच्या चुकीसाठी बरणी रिकामी केली की मधल्या सुट्टीत त्या एकाला सगळे धरतात.

टाळीची खूण म्हणजे आपली नेहमीची एक-दोन, एक-दोन-तीन, किंवा पाऊस टाळी. खूण दिल्यावर गप्प राहून थांबायचं. सगळी गप्प व्हायच्या आत बोलायला सुरुवात केली, तर खूण झाल्यावरही थोडं बोललं तरी चालतं हे मुलं शिकतात. पहिल्या आठवड्यात वीस सेकंद थांबावं लागतं, नंतर पाच.

आणि 'शाब्बास' हा शब्द एकटा वापरू नका. कशाबद्दल ते सांगा. 'न सांगता चटई गुंडाळलीस.' बस.

---

नोंदवही

एखादं मूल नियम, टाळी, चिंचोके कशालाच दाद देत नाही. मारतं, ढकलतं, पेन्सिली उचलतं. अशा वेळी शिक्षकखोलीत जे बोललं जातं ते स्वभावाबद्दल असतं : 'आहेच तो तसा.' त्यावर काहीच करता येत नाही. पाच दिवस नोंद ठेवा. चार रकाने : वेळ व जागा, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. विशेषणं बंद. नमुना :

सोम. ११:१० वर्ग / फळ्यावरचा उतारा लिहायला सांगितला / शेजाऱ्याची वही ओढली / बाहेर उभा केला
मंगळ. १२:४० नळ / रांगेत मागे होता / पुढच्याला ढकललं, ताट पडलं / रांगेत पहिला आला
बुध. ११:१५ वर्ग / शुद्धलेखन / पेन्सिल फेकली / बाहेर उभा केला
गुरु. ११:०५ वर्ग / उतारा / शेजाऱ्याला चिमटा / बाहेर उभा केला
शुक्र. खेळाचा दिवस / काही नाही

वर्गातल्या तिन्ही वेळा फळ्यावरून उतरवून घेणं, आणि तिन्ही वेळा त्यातून सुटका. आधी त्याला फळा दिसतो का ते बघा. पहिल्या रांगेत बसवा, एक डोळा झाकून वाचायला लावा. दिसत असेल तर वाचता येतं का बघा. चौथीतलं मूल जोडाक्षराला अडत असेल तर दहा ओळींचा उतारा म्हणजे डोंगर आहे, आणि बाहेर उभं राहणं त्याहून सोपं. त्याला तीनच ओळी द्या, पण बाहेर सोडू नका.

आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) आरोग्य तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी ही नावं आधी त्यांच्यापुढे आणा : डोळे, कान. 'ऐकतच नाही' म्हटलेल्या मुलाला कधी कधी खरंच ऐकू येत नसतं. शिकण्यात किंवा एका जागी बसण्यात सातत्याने अडचण दिसत असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. निदान आपण करायचं नाही आणि पालकांपुढे तर नावच घ्यायचं नाही.

वर्णनात्मक नोंदींतही हेच. 'सुधारणा आवश्यक' खाली 'खोडकर आहे, अभ्यासात लक्ष नाही' लिहिलेलं वाचून पालक घरी पट्टा काढतात. त्याऐवजी 'फळ्यावरील मजकूर उतरवताना मदत लागते. तीन ओळी स्वतंत्रपणे लिहितो.' पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही यातून काहीतरी हाती लागतं.

---

सातपुडा

नोंदवहीच्या यादीत अजून एक रकाना हवा : भाषा. नंदुरबारला पावरी-भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा 'चटईची घडी घालून कोपऱ्यात ठेव' हे त्याला नुसता आवाज असतो. ते हसतं किंवा बसून राहतं, आणि आपण 'उद्धट' लिहितो. पहिले दोन-तीन महिने सूचना हाताने आणि कृतीने द्या, एका वेळी एकच. पाचही नियम मुलांच्या भाषेत मोठ्या मुलाकडून म्हणवून घ्या आणि स्वतः पाठ करा. उच्चार चुकला की मुलं हसतात. त्याने काही बिघडत नाही.

---

पाटील_पालक

कलम_सतरा, समजलं. आता 'बाई, हा मला चिडवतो' याचं काय? घरी रोज हेच ऐकायला मिळतं. आणि शाळेने आम्हाला कधी बोलवावं?

---

मधली_सुट्टी

चहाडी आणि सांगणं यांत मुलांना फरक शिकवावा लागतो. कुणाला लागलंय, लागणार आहे, किंवा कुणी भीती दाखवतंय, नको तिथे हात लावतंय : लगेच सांगायचं, कितीही वेळा, घरीही आणि शाळेतही. बाकी सगळ्याला आमचा उलट प्रश्न : 'तू त्याला काय म्हणालीस?' त्यासाठी तीन वाक्यं पाठ करून घ्यायची. 'थांब. मला हे आवडत नाही. पुन्हा केलंस तर बाईंना सांगेन.' जोड्या करून, एक हात पुढे धरून, मोठ्या आवाजात. तिसरं वाक्य म्हणून मूल आलं की मात्र उठायचंच. एकदा जरी 'जा, जागेवर बस' म्हटलंत तर तीन वाक्यं वाया गेली.

पालकांना बोलवण्याबाबत : पहिला निरोप तक्रारीचा नसावा. जुलै संपायच्या आत प्रत्येक घरी एक चांगली बातमी पोहोचलेली असावी, मग पुढचं बोलणं सोपं जातं. शाळा सुटताना फाटकात, चारचौघांत, मुलासमोर तक्रार सांगू नये. घरी पोचायच्या आत रस्त्यातच रट्टे बसतात.

---

दोन_शिक्षकी

मराठवाड्यातल्यांसाठी पुरवणी. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीच्या आसपास जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही. परतलेल्या मुलाला बिल्ला, चकती, तीन वाक्यं यांतलं बरंच आठवत नसतं. त्याला जूनचं मूल समजा. आठवडाभर एक जोडीदार द्या, त्याने दाखवायचं.

मधली_सुट्टी ताई, चिंचोक्यांबद्दल एक विचारायचं होतं. पावसाळ्यात ते टिकतात का?

---

मधली_सुट्टी

टिकत नाहीत. किडे होतात, आणि पहिलीची मुलं ते भाजून खायला घरी नेतात. जून ते सप्टेंबर बाटल्यांची बुचं वापरा, दिवाळीनंतर चिंचोके. बुचं मोठी असतात, बरणी लवकर भरते. तेवढ्या काळापुरते ५० ऐवजी ३० धरा.